हरमलला लाट आहे, पण आठ वाजता नाही

बेळगावात समुद्र नाही. हे मलाही ठाऊक आहे. तरी मी सर्फिंग शिकायला जातोय म्हटल्यावर उद्यमबागेतल्या प्रत्येकानं मला तेवढंच सांगितलं. चहाच्या गाड्यावर एकानं तर विचारलं, "काय ओ मामा, राकसकोपला लाटा सुटल्यात काय?" राकसकोप म्हणजे आमचं धरण. मी ५२ वर्षांचा. फौंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न करतो, म्हणजे वाळूच्या साच्यात ज्यांचा ठसा उठवून मग लोखंड ओततात ते नमुने. तीस वर्षं तेच करतोय. पोहायला शिकलो ते येळ्ळूरच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. विहिरीत लाट येत नाही. त्यामुळं पुढचं सगळं एका नवशिक्याचं मत आहे असं समजून वाचा.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकात सर्फिंगच्या स्पर्धा पॅरिसला झाल्याच नाहीत, त्या ताहिती बेटावर झाल्या, पंधरा हजार किलोमीटरवर. मग बेळगावच्या माणसानं लाटेसाठी सव्वाशे किलोमीटर गाडी हाणली तर काय बिघडलं? घरी हाच मुद्दा मांडला. बायको म्हणाली, "त्यांना मेडल मिळतंय. तुम्हाला काय मिळणार?" उत्तर अजून दिलेलं नाही.

गेल्या नोव्हेंबरपासून चार वेळा गोव्यातल्या हरमलला जाऊन आलो. दोनदा तिथल्या एका सर्फिंग शाळेत पैसे भरून, दोनदा नुसता बोर्ड भाड्यानं घेऊन. शाळेचं नाव देत नाही. शिकवणारा पोरगा चांगला होता, माझी तक्रार आहे ती वेळापत्रकाची, आणि ती खोड त्या एकाच शाळेला असेल असं वाटत नाही.

पहिली खेप कार्तिकी एकादशीची. आदल्या दिवशी १ नोव्हेंबर, म्हणजे आमच्याकडं काळा दिन, सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा. कारखाना बंद, फेरीला जाऊन आलो, आणि संध्याकाळी पुतण्यानं मोबाइलवर बुकिंग करून टाकलं: रविवार, सकाळी आठ. पहाटे साडेतीनला निघालो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी, डिचोली, म्हापसा, मग शिवोलीचा पूल ओलांडून मांद्रे आणि हरमल. अंतर फार नाही, पण जांबोटीच्या पुढं अंधारात खड्डे चुकवत जाताना गाडीचा वेग बैलगाडीवर येतो. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि तिचं पाणी कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला जातं. त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला उतरते आणि मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. म्हणजे आमच्या जिल्ह्यातला पाऊस दोन्ही समुद्रांना जातो, आम्हीच तेवढे घाटावर बसून असतो. हा विचार मला कणकुंबीच्या वळणावर सुचला. पुतण्या म्हणाला, काका, रस्ता बघा.

पावणेआठला पोचलो. सही घेतली, दोन हजार रुपये घेतले, आणि एक ओलसर लायक्राचा शर्ट दिला. तो कालच्या कुणाच्या तरी अंगावरचा होता, वासावरून कळलं. मग वाळूवर धडा. शिक्षक वाळूत बोटानं बोर्डाचा आकार काढतो, आपण त्यावर पालथं पडायचं, हात बरगड्यांशी टेकवून एका झटक्यात उठायचं. पुतण्या पहिल्याच झटक्यात उठला. मी तीन हप्त्यांत उठलो, आधी गुडघा, मग हात, मग देव. शिक्षक तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचा, हिंदीत बोलायचा. "अंकल, पैर मत देखो। जिधर देखोगे उधर जाओगे।" हे वाक्य मात्र लाख मोलाचं. पायाकडं बघितलं की माणूस पायाशीच पडतो, हे मी नंतर पन्नास वेळा पडून तपासून घेतलं.

मग बोर्ड. शिकणाऱ्याला देतात तो फोमचा असतो. आत थर्मोकोलसारखा फोम, वर मऊ थर, खाली गुळगुळीत प्लॅस्टिक, शेपटीला माशाच्या परासारखे प्लॅस्टिकचे तीन फिन आणि घोट्याला बांधायची दोरी, म्हणजे लीश. मला आठ फुटी बोर्ड दिला. उचलल्याबरोबर हाताला कळलं, यात पाणी आहे. माझ्या धंद्यात लाकडाचा तुकडा हातात घेऊन तो ओला की सुका हे सांगावं लागतं, नाहीतर पॅटर्न वाळल्यावर वाकतो आणि कास्टिंग बाद होतं. शेपटीला चीर होती, वर टेप मारलेली. आतला फोम पाणी पिऊन बसलेला. शिवाय माझं वजन ८४ किलो. एवढ्या माणसाला नऊ फुटी बोर्ड पाहिजे, आठ फुटीवर मी पालथा पडलो की नाक वर आणि शेपूट पाण्यात. मी सांगितलं. उत्तर आलं, नऊ फुटी सगळे गेले. हे सकाळी आठलाच गेले म्हणजे कुठं गेले, कळलं नाही. पाण्यात तर आम्हीच होतो.

आता लाटांचं. त्या दिवशी लाट नव्हतीच. म्हणजे होती, पण मोडत नव्हती. दूरवर पाणी नुसतं फुगायचं, आपल्या खालून निघून जायचं, आणि थेट काठाशी येऊन धप्पकन आदळायचं. मध्ये धरण्यासारखं काही नाही. जी आदळायची ती गुडघाभर पाण्यात, बोर्डासकट माणसाला वाळूत रोवायची. शिक्षक बिचारा मागून ढकलून ढकलून दमला. दीड तासात मी एकदाही उभा राहिलो नाही. कानातली वाळू मंगळवारपर्यंत निघत होती. येणारा कच्चा आणि लाट उपाशी, एकादशीच्या घरी शिवरात्र. पुतण्या दोनदा उभा राहिला. त्याचं वय २३, त्याला भिंतीवरही उभं राहता येतं.

किनाऱ्यावर बसून साबुदाण्याची खिचडी खात होतो. हरमलला बसून उपवासाची खिचडी खाणारे त्या दिवशी आम्ही दोघंच असू. शेजारी रापणीची माणसं जाळं आवरत होती. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं आमचं सगळं बघितलेलं. त्यानं विचारलं, "आयज खंयची तीथ?" मी म्हटलं, एकादशी. तो हसला. "मागीर आठांक भरती. घड्याळ पळोवं नाकात, तीथ पळयात." म्हणजे, मग आठला भरती, घड्याळ बघू नका, तिथी बघा.

मग त्यानं हिशेब सांगितला, आणि चार खेपांत मला मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच, ती फुकट मिळाली. तिथीला पाऊणनं गुणायचं, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. एकादशी म्हणजे अकरा, अकरा पाऊण सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला आणि रात्री सव्वाआठच्या पुढंमागं भरती. अष्टमी म्हणजे आठ, आठ पाऊण सहा. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. वद्य असो की शुद्ध, हिशेब तोच. भरती रोज पन्नास मिनिटांच्या आसपास पुढं सरकते आणि गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण एवढ्यावर कोकणातल्या होड्या चालत आल्या आहेत. आपल्यासारख्या घाटावरच्या माणसाला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात आणि ते जास्त नेमके असतात हे खरं, पण चोर्ला घाटात मोबाइलला रेंज नसते आणि एकादशी मात्र असते.

भरतीला लाट का मोडत नाही, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही, ते वाळूनं सांगितलं. वाळू हा माझ्या धंद्यातला विषय. मोल्डिंगची वाळू मुठीत दाबून बघतो, मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे राहिले आणि मधोमध तोडल्यावर कडा सरळ तुटली तर पाणी बरोबर. हरमलला तळाशी मुख्य किनाऱ्यावर वाळूच आहे, खडक नाही. उत्तरेला टेकडी समुद्रात उतरते तिथं, गोड्या पाण्याच्या तळ्याकडं जाणाऱ्या वाटेखाली, खडक आहेत. नवख्यानं तिकडं जाऊ नये, हे वेगळं सांगायला नको. बाकी किनारा दक्षिणेला मांद्रे-आश्वेपर्यंत वाळूचा. या वाळूचे पाण्याखाली किनाऱ्याला समांतर उंचवटे तयार होतात. लाट त्या उंचवट्यावर आली की तिचा पाय अडतो, डोकं पुढं जातं आणि ती मोडते. ढोबळ हिशेब असा की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट उरली की लाट उभी राहू शकत नाही. दोन फुटी लाटेला अडीच फूट पाणी लागतं. भरती पूर्ण असताना उंचवट्यावर पाच-सहा फूट पाणी असलं, तर दोन फुटी लाट वरून हसत निघून जाणार आणि काठाशी चढ लागेल तिथंच पडणार. म्हणजे माझ्या अंगावर.

उलट अगदी पूर्ण ओहोटीला उंचवट्यावर पाणीच उरत नाही. मग लाट एका दमात लांबच्या लांब कोसळते, बोर्डाखाली फूटभर पाणी, फिन वाळूला घासतात. कामाची वेळ मधली. भरतीनंतर दोन-अडीच तासांनी सुरू होते आणि ओहोटीच्या तासभर आधी संपते. पाणी चढतानाही अशीच एक वेळ मिळते, पण मला हरमलला उतरतं पाणी बरं वाटलं. का, ते विचारू नका, चार खेपांचा माणूस आहे मी.

शाळेचा सकाळचा वर्ग मात्र बारा महिने, तेरा तिथी, आठलाच. पाणी कुठंही असो. कारण विचारलं तर म्हणाले, लोक आठच्या आत उठत नाहीत. सुट्टीवर आलेल्यांचं ते खरंही असेल. पण मी बेळगावहून पहाटे साडेतीनला निघालेला माणूस, मला सांगितलं असतं तर तिथी बघून दोनलाही निघालो असतो. एकादशीला आठच्या वर्गाचे पैसे घेणं म्हणजे मोल्डिंगची वाळू भिजलेली आहे हे माहीत असून ओतकाम करणं. कास्टिंगला भोकं पडणारच, आणि गिऱ्हाइकाला वाटणार की लोखंडच वाईट. त्या दिवशी माझ्याबरोबर हैदराबादचं एक जोडपं होतं. ते जाताना म्हणाले, सर्फिंग आपल्याला जमणारं नाही. जमलं असतं हो. दुसरी तिथी बघून यायचं होतं.

दुसरी खेप डिसेंबरात, मुद्दाम पंचमी बघून. पाच पाऊण पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारला भरती, दहाच्या आसपास ओहोटी, आणि साडेसहा ते नऊ ही आपली वेळ. पुन्हा त्याच शाळेत गेलो, शिक्षकाशी आदल्या दिवशी फोनवर बोलून. तो स्वतःच्या जबाबदारीवर साडेसहाला आला. पाण्यात उतरताना थंडी वाजते ती पाण्याची नव्हे, वाऱ्याची. पाणी उलट कोमट लागतं. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. येणाऱ्या लाटेला समोरून हळूच धरल्यासारखं होतं, ती घाईनं कोसळत नाही, आणि पाण्याचा पृष्ठभाग पॉलिश मारल्यासारखा दिसतो. पॅटर्नला शेलॅकचा शेवटचा हात दिल्यावर दिसतो तसा.

नऊ फुटी बोर्ड मिळाला. कोरडा होता. हातात घेऊन मी तो उभा करून एका डोळ्यानं कडेनं बघितला, तशी सवयच आहे. नाकाकडं वर गेलेला बाक असतो, त्याला रॉकर म्हणतात. बाक जास्त असेल तर नाक पाण्यात घुसत नाही पण बोर्ड सावकाश धावतो, कमी असेल तर उलट. शिकण्याच्या बोर्डाला बाक कमीच असतो. शिक्षक माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "आप कारपेंटर हो?" म्हटलं, त्यातलाच.

त्या दिवशी लाटा कमरेएवढ्या होत्या. थोडा वेळ काहीच नाही, पाणी सपाट, माणूस कंटाळतो, आणि मग तीन-चार लाटा रांगेनं येतात. मी एकापाठोपाठच्या दोन लाटांमधला वेळ मोजला, बारा-तेरा सेकंद. हा आकडा महत्त्वाचा. दहा सेकंदांच्या वरची लाट लांबून आलेली असते, पार दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांनी उठवलेली, हजारो किलोमीटर चालून आलेली. तिच्यात दम असतो, उंची कमी दिसली तरी. पाच-सहा सेकंदांची असेल तर ती इथल्याच वाऱ्यानं उठवलेली खळबळ, उंच दिसते पण ढकलत नाही. मोबाइलवरच्या अंदाजात लोक फक्त उंची बघतात. मीही तेच बघायचो. आता आधी सेकंद बघतो.

पहिल्या तीन-चार लाटा फेसाच्या घेतल्या, म्हणजे आधीच मोडून पांढऱ्या झालेल्या. शिकणाऱ्यानं याच घ्यायच्या, लाज वाटून घेऊ नये. फेस मागून येतो तेव्हा आवाज आधी येतो, चोर्ला घाटात मागून ट्रक आल्यासारखा. मग शेपटीला धक्का, बोर्ड एकदम हलका होतो, आणि त्या क्षणी हात दाबून उठायचं. सातव्या लाटेला उठलो. पाय बघितले नाहीत, किनाऱ्यावरच्या माडाकडं बघितलं, शिक्षकानं सांगितलेलं. बोर्ड खाली गुळगुळीत सरकत होता, पाण्याचा सरसर आवाज, आणि मी उभा. तीन सेकंद असतील, पुतण्या म्हणतो दोन. गुडघाभर पाण्यात येऊन आपसूक थांबलो आणि खाली उतरलो, बसमधून उतरावं तसा. पडलो नाही. मागं शिक्षक दोन्ही हात वर करून ओरडत होता. एवढा आनंद मला पहिलं क्रँककेसचं पॅटर्न पास झालं तेव्हा झाला होता, आणि तेव्हा मी पंचविशीत होतो.

त्या सकाळी एकूण नऊ वेळा उभा राहिलो. न मोडलेली हिरवी लाट एकदाही धरता आली नाही, ती अजून बाकी आहे.

साडेदहाच्या पुढं मात्र वारा फिरतो. समुद्राकडून सुटला की पाण्यावर सुरकुत्या पडतात, लाट कुठंही कशीही मोडते. अकराला पाण्यात असणं म्हणजे उन्हात भाजून घेणं. फेब्रुवारीतल्या खेपेला तर सकाळपासूनच वायव्येकडून वारा होता. थंडीच्या अखेरीस तिकडून, अरबस्तानच्या बाजूनं, शमाल वाऱ्याच्या लाटा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतात, त्यातल्याच असाव्यात. लाटा आखूड, तिरक्या, एकावर एक. तासभर झटापट करून बाहेर आलो आणि तीनशे रुपये बोर्डभाडं वाऱ्यावर गेलं म्हणून सोडून दिलं. अक्षरशः.

वाळूही तोवर बदललेली. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतो, तिचे उंचवटे करतो. दिवाळीनंतर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत काठाला आणून टाकतात. नोव्हेंबर-डिसेंबरात उंचवटा चांगला लांब होता, फेब्रुवारीत तो काठाजवळ सरकलेला, आणि काठाचा चढ जास्त. त्यामुळं एखाद्यानं तुम्हाला सांगितलं की हरमलला अमुक झोपडीसमोर लाट चांगली, तर विचारा, कुठल्या महिन्यात. साच्यातली वाळू रोज नव्यानं भरावी लागते, तसंच हे.

जून ते सप्टेंबर जाऊ नका. लाटा मोठ्या असतात हे खरं, पण वारा समुद्राकडून, पाणी गढूळ, ओढ भयंकर. लाल-पिवळ्या कपड्यातले जीवरक्षक किनाऱ्यावर असतात, ते तेव्हा लाल बावटा लावून ठेवतात आणि आत जाऊ देत नाहीत, बरोबरच करतात. कोळ्यांच्या यांत्रिक होड्यासुद्धा जून-जुलैत बंद असतात. आपण काय शहाणे?

ओढीबद्दल थोडं सांगतो, कारण आमच्याकडची पोरं गोव्याला जाऊन बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो. काठावर आलेलं पाणी परत जायला एक वाट शोधतं. दोन उंचवट्यांच्या मधल्या खोलगट जागेतून ते जोरानं आत जातं. गंमत अशी की तिथं लाटा मोडत नाहीत, पाणी शांत दिसतं, आणि नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गुळगुळीत पट्टा दिसला की समजायचं. सापडलाच तर काठाकडं सरळ पोहायचं नाही, किनाऱ्याला समांतर जायचं, मग फेसाच्या पट्ट्यातून बाहेर यायचं. बोर्ड सोडायचा नाही, तो तरंगतो. विहिरीत शिकलेल्या माणसाला हे कळत नाही, तिथं पाणी कुठं जातच नाही. शिक्षकानं हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. दुसऱ्या खेपेला मी विचारल्यावर सांगितलं, तेही नीट, वाळूत रेघा ओढून.

बाकी सोयी. कपडे बदलायला शाळेच्या मागं ताडपत्रीचा आडोसा, गोड्या पाण्याची एक बादली. बायकांना तेवढ्यावर कसं चालावं? बायको तिसऱ्या खेपेला आली होती, तिनं तो आडोसा बघितला आणि गाडीतच बसणं पसंत केलं. गाडी किनाऱ्यापासून लांब लावावी लागते, आठवड्याच्या शेवटी तर फारच. लायक्राच्या शर्टाखाली छातीला घासून लाल चट्टे येतात, आधी खोबरेल लावा. जेलीफिश एकदाच दिसला, काठावर पडलेला, पुतण्यानं त्याला पायानं ढकलायला बघितलं, ते करू नये. मोरजी-आश्वेच्या बाजूला थंडीत कासवं अंडी घालायला येतात, तिथं जागा कुंपण घालून राखलेल्या असतात, बोर्ड घेऊन त्यातून जाऊ नका. खायला किनाऱ्यावर काही घेऊ नका, महाग आहे. परतताना म्हापशात थांबून पातळ भाजी आणि उंडे खा.

लोक विचारतात, कारवार का नाही, आपलंच आहे. कारवारचा शहरासमोरचा किनारा खाडीच्या कुशीत आहे, बाहेर बेटं, बाजूला टेकड्या. पोहायला उत्तम, डोळ्यांना त्याहून उत्तम, पण लाट आत येईपर्यंत निम्मी होते. वेंगुर्ल्या-शिरोड्याकडं आंबोलीमार्गे जाता येतं, तिथले किनारे मोकळे आहेत, पण मी बोर्ड घेऊन तिकडं अजून उतरलेलो नाही, तेव्हा त्यावर बोलत नाही.

पैशाचं म्हणाल तर दोन धडे चार हजार, बोर्डभाडं दोनदा मिळून सहाशे, डिझेल आणि म्हापसा वेगळं. शाळेला मी पाचातले तीन देईन. शिक्षकाला साडेचार, बोर्डांना दोन, वेळापत्रकाला शून्य. लाटेला गुण देणारा मी कोण. पण पंचमीच्या सकाळची ती सातवी लाट मात्र मी कुणालाही देणार नाही.

जानेवारीच्या खेपेला शाळेच्या मागच्या बाजूला तो आठ फुटी पाणी प्यायलेला बोर्ड पडलेला दिसला. टाकूनच देणार होते. बाराशेला घेतला, गाडीच्या टपावर बांधून आणला. म्हापशाच्या चौकात पोलिसानं थांबवून विचारलं, हे काय? पुतण्या म्हणाला, इस्त्रीचं टेबल. कारखान्यात आणून शेपटीची चीर मोठी केली, उभा करून तीन आठवडे पाणी गळू दिलं. खाली ठेवलेल्या ताटलीत रोज थोडं मीठ जमायचं. मग आतली पोकळी भरली, वरून फायबर आणि रेझिनचा पॅच मारला, कड पॅटर्नसारखी घासून काढली. आता वजन उतरलंय. माझ्या वजनाला तो अजूनही लहानच आहे, पण पुतण्याला होईल, आणि पुढची पंचमी रविवारी कधी येते ते मी कॅलेंडरवर तांबड्या पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.

सध्या तो पॅटर्नच्या मांडणीवर, पंपाच्या केसिंगच्या शेजारी ठेवलाय. परवा मच्छेहून एक गिऱ्हाईक आलं होतं, बराच वेळ त्याच्याकडं बघत उभं राहिलं. म्हणालं, "मालक, हे लय भारी केलंयसा. पर याचं कास्टिंग किती किलोचं येतंय ओ?"